शेडचे आरेखन विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्यावर एकूण भार आणि रिअ‍ॅक्शन जुळत नाहीत

प्रश्न
*स्थापत्य अभियंता, जालना*

नमस्कार. मी जालन्यात एका सल्लागारांच्या कार्यालयात दोन वर्षांपासून काम करतो. सरकी साठवण्याच्या गोदामाचे एक लोखंडी शेड सध्या माझ्याकडे आले आहे. शेडची रुंदी २० मीटर आणि लांबी ४८ मीटर असून ६ मीटरचे आठ गाळे आहेत, म्हणजे ट्रस (छपराचे त्रिकोणी सांगाडे) नऊ. छपराचा उतार चारास एक आहे. ट्रस पाइपचे आहेत आणि त्यांच्यावर आयएसएमसी ७५ च्या (७५ मिलिमीटर उंचीच्या लोखंडी चॅनेलच्या) पर्लिन, म्हणजे छपराचे पत्रे धरणारे आडवे दांडे, बसतात. एका उतारावर आठ, अशा एकूण सोळा ओळी.

आमच्या आरेखकांनी ऑटोकॅडमध्ये या शेडचे संपूर्ण त्रिमितीय आरेखन केले आहे आणि ते फार सुबक आहे. बेस प्लेट (कॉलमच्या तळाची पाटी), गसेट (सांध्याची पाटी), क्लीट (पर्लिन बसवण्याचा जोडतुकडा) सगळे त्यात दिसते. मी त्यांच्याकडून मध्यरेषांचा लेयर वेगळा करून घेतला, पॉलिलाइन फोडून साध्या रेषा केल्या आणि डीएक्सएफ (आरेखन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याची) फाइल स्टॅड प्रो या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. ऑटोकॅडमध्ये उभा अक्ष झेड आणि स्टॅडमध्ये वाय असल्यामुळे पहिल्या वेळी शेड आडवे पडले. फाइल आणतानाचा पर्याय बदलल्यावर ते उभे राहिले. नंतर मी सर्व मेंबरना (सांगाड्याच्या दांड्यांना) छेद, म्हणजे आडव्या कापाचे आकार, दिले, कॉलमच्या तळाशी पिन सपोर्ट (सरकू न देणारे पण फिरू देणारे आधार) दिले आणि फक्त स्ववजन लावून विश्लेषण चालवले.

निकालात पुष्कळ नोड (मेंबर जोडणारे बिंदू) अस्थिर असल्याच्या सूचना आल्या. लावलेला एकूण भार ३१८ किलोन्यूटन दिसतो आणि सपोर्टवरील रिअ‍ॅक्शनची (आधारांनी उलट दिलेल्या बलांची) बेरीज मात्र २१२ किलोन्यूटनच येते. मी वहीत लांबी आणि दर मीटरचे वजन गुणून जो हिशेब केला आहे त्याप्रमाणे लोखंड २७ टन, म्हणजे २६५ किलोन्यूटन भरते. अर्थात सॉफ्टवेअरच्या दोन आकड्यांपैकी एकही माझ्या आकड्याशी जुळत नाही. विकृत आकार उघडला तर पर्लिन पडद्याच्या बाहेर कोठेतरी खाली निघून गेलेल्या दिसतात.

वरिष्ठ म्हणतात, आरेखन बाजूला ठेवा आणि मॉडेल पहिल्यापासून स्टॅडमध्येच उभे करा. पण मालकांनी आतापर्यंत दोनदा लांबी बदलली आहे आणि प्रत्येक वेळी नव्याने काढणे मला परवडणारे नाही. काही मित्र सुचवतात की डीएक्सएफ सोडून आयएफसी (बांधकामातील वस्तूंची माहिती कळवणारी) फाइल वापरली की अशा अडचणी येत नाहीत. माझे नेमके काय चुकले आहे आणि यातला कोणता मार्ग धरावा, हे कृपया सांगावे.

उत्तर १
*संरचना सल्लागार, छत्रपती संभाजीनगर*

आपण तिन्ही आकडे दिलेत हे फार चांगले केले, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे.

पर्लिनच्या सोळा ओळी आणि प्रत्येकीची लांबी ४८ मीटर, म्हणजे ७६८ मीटर. आयएसएमसी ७५ चे वजन मीटरला सुमारे ७ किलो धरले तर ५,३७६ किलो, म्हणजे जवळजवळ ५३ किलोन्यूटन होतात. आता सॉफ्टवेअरच्या ३१८ मधून आपल्या वहीतले २६५ वजा करा. बाकी ५३ राहते. याचा अर्थ पर्लिन एकदा जास्त मोजल्या गेल्या आहेत, प्रत्येक पर्लिनवर तशीच दुसरी पर्लिन तंतोतंत बसलेली आहे. पुढे ३१८ मधून २१२ वजा करा. बाकी १०६, म्हणजे ५३ ची दुप्पट. पर्लिनचे दोन्ही संच हवेत आहेत आणि त्यांचा एक न्यूटनही कॉलमपर्यंत पोहोचत नाही. हे नक्की करण्यासाठी पर्लिनच्या मेंबरची संख्या मोजा. सोळा ओळी आणि आठ गाळे यांवरून ती १२८ असायला हवी. माझ्या अंदाजाप्रमाणे आपल्याला २५६ मिळतील.

त्या हवेत का राहिल्या, ते पाहू. पर्लिन ट्रसच्या वरच्या पाइपवर बसते. पाइप ८८.९ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याची मध्यरेषा आणि ७५ च्या चॅनेलची मध्यरेषा यांच्यात ४४.५ अधिक ३७.५, म्हणजे ८२ मिलिमीटर अंतर पडते. आरेखकांनी ती रेषा बरोबर जागी काढली आहे. जागेवर पर्लिन तेथेच असणार आहे. दोहोंना जोडणारा क्लीट त्यांनी सॉलिड म्हणून काढला, पण मध्यरेषांच्या लेयरमध्ये क्लीट नाही आणि असण्याचे कारणही नाही. विश्लेषणाचे सॉफ्टवेअर मात्र सामाईक नोड एवढीच एक गोष्ट ओळखते. नोड सामाईक नसेल तर ८२ मिलिमीटर काय आणि ८२ मीटर काय, त्याच्या लेखी दोन्ही सारखेच.

उपाय असा की पर्लिनच्या रेषा वरच्या पाइपच्या मध्यरेषेवर उतरवाव्यात आणि जेथे त्या पाइपला छेदतात तेथे पाइपचे तुकडे करून नोड तयार करावेत. निवडलेले मेंबर एकमेकांना छेदतील तेथे तोडण्याची सोय स्टॅडमध्ये आहे. ती आपोआप होत नाही, सांगावी लागते. येथे एका मोहापासून सावध राहा. पर्लिन ट्रसच्या सांध्यावर न बसता दोन सांध्यांच्या मध्ये बसत असेल, तर मॉडेल नीटनेटके दिसावे म्हणून ती सांध्यावर सरकवू नका. मध्ये बसलेली पर्लिन वरच्या पाइपला वाकवते, आणि दाबाबरोबर येणारे हे वाकणेच पुष्कळदा त्या पाइपचा आकार ठरवते. पर्लिन ८२ मिलिमीटर खाली उतरवली तर या शेडमध्ये काही बिघडत नाही. तीच पर्लिन पाऊण मीटर आडवी सरकवली तर सगळे बिघडते.

दुहेरी रेषांचे म्हणाल तर त्या आरेखनातच काढून टाकणे उत्तम. ऑटोकॅडमधील ओव्हरकिल ही आज्ञा एकावर एक पडलेल्या रेषा शोधून जादा रेषा पुसते. नंतर स्टॅडमध्ये दुहेरी नोड, दुहेरी मेंबर आणि एकाच रेषेत अंशतः एकमेकांवर चढलेले मेंबर, या तिन्ही तपासण्या चालवा. शिवाय मॉडेलमध्ये एकमेकांपासून सुटी असलेली किती बांधकामे आहेत हे दाखवणारी तपासणी आहे, तीही चालवा. आज ती आपल्याला एकापेक्षा पुष्कळ जास्त आकडा दाखवील. या तपासण्यांमध्ये सहिष्णुता, म्हणजे किती अंतरापर्यंतचे बिंदू एकच समजायचे, ते विचारतात. ८२ मिलिमीटर एका फटक्यात मिटावे म्हणून तेथे १०० लिहू नका, कारण गसेटजवळ खरोखरच वेगळे असलेले नोड त्यात एकत्र होतील आणि ते आपल्या लक्षातही येणार नाही. दोन ते पाच मिलिमीटर पुरेसे आहेत.

आपल्याला अस्थिरतेच्या सूचना मिळाल्या हे एका परीने बरे झाले. पर्लिन ट्रसला जोडलेल्या असत्या आणि तरीही दुहेरी असत्या, तर विश्लेषण सुरळीत पार पडले असते. मग वाऱ्याचा भार दोन चॅनेलांत वाटला गेला असता, प्रत्येकीत अर्धाच मोमेंट (वाकवणारे आघूर्ण) दिसला असता आणि जी पर्लिन प्रत्यक्षात अपुरी आहे ती तपासणीत उत्तीर्ण झाली असती. मॉडेलमध्ये दोन आणि जागेवर एक, ही चूक भाराच्या बेरजेशिवाय दुसरीकडे कोठेही दिसत नाही.

वरिष्ठांचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. नऊ ट्रस आणू नका, एकच आणा. एक ट्रस आणि त्याचे दोन कॉलम एवढ्याच मध्यरेषा डीएक्सएफमधून घ्या, त्या पूर्ण तपासा, आणि मग स्टॅडमध्येच ६ मीटर अंतराने आठ वेळा पुनरावृत्ती करून पर्लिन तेथेच काढा. ट्रसची भूमिती कटकटीची असते, म्हणून ती आरेखनातून यावी. गाळे सरळ असतात, ते आकड्यांनी करावेत. मालकांनी लांबी पुन्हा बदलली तर आठचे नऊ करायला आपल्याला पाच मिनिटेही लागणार नाहीत.

आयएफसीविषयी थोडक्यात. हे स्वरूप आयएसओ १६७३९ या मानकाचे आहे आणि भौतिक वस्तू कळवण्यासाठी ते चांगले आहे. संरचनात्मक विश्लेषणासाठी त्यात वेगळी व्यवस्था आहे, पण बहुतेक ठिकाणी जी फाइल निघते ती भौतिक वस्तूंचीच असते. तेव्हा आपले ८२ मिलिमीटर त्यातूनही जसेच्या तसे येतील. रेव्हिट या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी भौतिक मॉडेलबरोबर विश्लेषणाचे मॉडेल आपोआप तयार होत असे. २०२३ च्या आवृत्तीपासून ते भौतिक मॉडेलपासून वेगळे केले गेले आणि विश्लेषणाची रेषा कोठे असावी हे ठरवण्याचे काम अभियंत्याच्या हाती आले. माझ्या मते ते योग्यच झाले.

उत्तर २
*आरेखक, नांदेड*

वरील उत्तर अगदी बरोबर आहे. मी आरेखकाच्या बाजूने काही सांगते. मी सोळा वर्षे लोखंडी कामाची आरेखने करत आहे.

दादा, आपल्या आरेखकांनी काढलेले आरेखन कारखान्यात कापणी आणि जागेवर उभारणी व्हावी यासाठी आहे. तेथे पर्लिन पाइपच्या वर असलीच पाहिजे, नाही तर क्लीटची उंची चुकेल. विश्लेषणासाठी लागणारी रेषा ही वेगळी वस्तू आहे आणि ती मागितल्याशिवाय कोणी काढत नाही. आपण मध्यरेषांचा लेयर मागितला, पण प्रत्येक मेंबरची एकच रेषा एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत हवी, असे बहुधा सांगितले नसेल. पर्लिन दुहेरी कशा झाल्या असतील याचाही मला अंदाज आहे. एका उताराच्या पर्लिन काढून त्या मोभाभोवती आरशासारख्या उलटवतात. त्या वेळी दोन्ही उतारांच्या पर्लिन एकदम निवडल्या गेल्या की डाव्याच्या उजवीकडे आणि उजव्याच्या डावीकडे जातात आणि सगळ्याच दुप्पट होतात. पडद्यावर काहीच फरक दिसत नाही.

माझ्याकडून अभियंते रेषा मागतात तेव्हा मी त्यांच्यासाठी नवीन फाइल करते. पहिल्या कॉलमच्या बेस प्लेटचा मध्य म्हणजे शून्य बिंदू. प्रत्येक छेदाला वेगळा लेयर आणि लेयरचे नाव म्हणजे छेदाचेच नाव, म्हणजे पलीकडे गेल्यावर एका लेयरचे सगळे मेंबर एकदम निवडून छेद देता येतो. ब्लॉक नाही, हॅच नाही, मोजमापे नाहीत. रेषेची टोके फक्त एंडपॉइंट (टोक) आणि इंटरसेक्शन (छेदबिंदू) यांवरच पकडायची. निअरेस्ट (रेषेवरचा जवळचा कोणताही बिंदू) हा पर्याय मी त्या फाइलपुरता बंदच ठेवते. त्या एका पर्यायाने मला पूर्वी चांगलेच अडचणीत आणले आहे. ब्रेसिंगच्या (तिरक्या आधारदांड्यांच्या) एका रेषेचे टोक कॉलमच्या रेषेवर टेकलेले दिसत होते. पुष्कळ मोठे करून पाहिले तेव्हा ते सांध्याच्या ३ मिलिमीटर आधीच थांबलेले निघाले. तोपर्यंत अभियंत्यांनी दोन दिवस त्या ब्रेसिंगमध्ये बल शून्य का येते हे शोधण्यात घालवले होते.

मोजमापाचे एककही बघून घ्या. डीएक्सएफ ही मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. तिच्या सुरुवातीच्या भागात इन्सयुनिट्स नावाची नोंद असते. तिच्याखाली ४ असेल तर मिलिमीटर, ६ असेल तर मीटर, १ असेल तर इंच, आणि शून्य असेल तर एकक सांगितलेलेच नाही. आपल्याकडच्या फाइलींत शून्य पुष्कळदा सापडते.

आणखी एक गोष्ट, जी अलीकडे वरचेवर होऊ लागली आहे. मोजणीवाल्यांकडून जागेचा नकाशा यूटीएम (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगण्याच्या) सहनिर्देशकांत येतो आणि वास्तुविशारद शेड त्याच नकाशावर बसवतात. मराठवाड्याचा जवळजवळ सगळा भाग यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येतो आणि जालन्याजवळ उत्तरेचा आकडा सुमारे २२ लाख मीटर असतो. मध्येच एखाद्या रूपांतरात हा आकडा ३२ बिटांच्या दशांश संख्येत साठवला गेला, तर एवढ्या मोठ्या आकड्याशेजारी पुढचा साठवता येणारा आकडा २५ सेंटिमीटर दूर असतो. मग ट्रसचे सांधे २५ सेंटिमीटरच्या चौकटींत ओढले जातात आणि पाइप वेडेवाकडे दिसू लागतात. म्हणून शेड आधी शून्यावर आणा आणि नंतरच फाइल द्या. एक विनंती आहे: पूर्ण मॉडेलवर फ्लॅटन ही आज्ञा चालवू नका. ती सपाट नकाशासाठी आहे. त्रिमितीय शेडचे सगळे सांधे ती जमिनीवर आणून ठेवते.

उत्तर ३
*यंत्र अभियंता, वाळूज*

माझे क्षेत्र थोडे वेगळे आहे, पण अडचणीचे मूळ तेच असल्यामुळे लिहितो. आमच्याकडे ग्राहकाकडून स्टेप फाइल येते आणि तिच्यावरून स्टँड, ट्रॉली, यंत्राचे बैठे सांगाडे यांचे विश्लेषण करावे लागते. स्टेप हे आयएसओ १०३०३ चे स्वरूप असून पृष्ठभाग आणि घनाकृती त्यातून चांगल्या येतात. जुन्या आयजीईएसमध्ये पृष्ठभाग सुटे सुटे येतात आणि ते शिवत बसावे लागते. त्याची शेवटची आवृत्ती १९९६ ची आहे, तेव्हा दुसरा इलाज असेल तर ते टाळावे.

पण घनाकृतीत रेषा नसतेच. चौकोनी नळीचा एक सांगाडा, नळीची जाडी ४ मिलिमीटर, असा नमुना मी सुरुवातीच्या काळात जसाच्या तसा घेतला आणि त्यावर चतुष्फलक जाळी टाकली, म्हणजे विश्लेषणासाठी त्याचे छोटे चतुष्फलक घटक पाडले. जाळीचा घटक ८ मिलिमीटरचा होता आणि जाडीत एकच घटक बसला, तोही साध्या, मध्यबिंदू नसलेल्या प्रकारचा. असे घटक वाकताना वास्तवापेक्षा ताठ वागतात. माझे उत्तर सुरक्षित आले, प्रत्यक्षात सांगाडा हिशेबापेक्षा बराच जास्त वाकला आणि तो दुरुस्त करून देण्याचा खर्च आम्हाला सोसावा लागला. पातळ भिंतीच्या वस्तूसाठी मध्यपृष्ठ काढून शेल (पृष्ठाचे) घटक वापरावेत आणि लांब नळ्यांच्या सांगाड्यासाठी बीम (रेषेचे) घटक वापरावेत, हे मी त्यानंतर कायमचे शिकलो.

सॉलिडवर्क्समध्ये सांगाडा वेल्डमेंट (स्केचच्या रेषांवर नळ्या बसवण्याच्या) पद्धतीने केला असेल तर प्रत्येक नळीच्या पोटात मूळ त्रिमितीय स्केचची रेषा असते. आयजीईएस फाइल काढताना स्केचमधील रेषाही बाहेर काढण्याचा पर्याय निवडला, तर त्या रेषा ऑटोकॅडमार्गे डीएक्सएफमध्ये नेता येतात. मात्र सांगाडा नळ्या एक्सट्रूड करून (आकार ओढून) बनवलेला असेल तर ही सोय मिळत नाही आणि रेषा हातानेच काढाव्या लागतात.

वेल्डच्या जागी आरेखनात अर्धा मिलिमीटर फट ठेवलेली असते. आमच्याकडे आपल्या ८२ मिलिमीटरचे काम तीच करते. दोन भाग चिकटलेले आहेत असे सॉफ्टवेअरला वाटत नाही आणि सांगाड्याचा एक पाय सुटून उडून जातो. पहिल्या सहा कंपन-वारंवारता काढून पाहणे हा त्यावरचा आमचा साधा उपाय आहे. सांगाडा नीट टेकवलेला असूनही एखादी वारंवारता शून्याजवळ आली, तर काहीतरी सुटे आहे असे समजावे.

उत्तर ४
*निवृत्त प्राध्यापक, लातूर*

चर्चा चांगली चालली आहे. फाइलमधून जे येते त्याबद्दल सर्वांनी लिहिले. जे कधीच येत नाही त्याबद्दल मी लिहितो.

आपण कॉलमच्या तळाशी पिन सपोर्ट दिलात. तो कोठून आला? आरेखनात तर बेस प्लेट आणि चार अँकर बोल्ट आहेत. त्यांवरून पिन मानायचे की बद्ध (फिरूही न देणारे) मानायचे, हे प्लेटची जाडी, बोल्टची जागा आणि खालची जमीन पाहून आपणच ठरवायचे असते. जालन्यात काय किंवा परभणीत काय, काळ्या मातीत पाया पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखा राहत नाही. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर तळ पूर्ण बद्ध धरून कॉलम बारीक करणे धोक्याचे आहे. ट्रसच्या सांध्यांचेही तसेच. डीएक्सएफमधून आलेला प्रत्येक मेंबर दोन्ही टोकांना ताठ जोडलेला असतो, कारण सॉफ्टवेअर तसेच गृहीत धरते. पर्लिन क्लीटवर दोन बोल्टांनी बसवली असेल आणि प्रत्येक गाळ्यात तुटत असेल तर तिची टोके मोकळी करावी लागतात. ती न तोडता दोन गाळ्यांवरून नेली असेल तर मधले टोक मोकळे करायचे नसते. हे फक्त उभारणीच्या आरेखनावरून कळते.

वारा फाइलमधून येत नाही. आयएस ८७५ या भारांविषयीच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात छत्रपती संभाजीनगरासाठी मूलभूत वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिलेला आहे, पण गोदामाचे दरवाजे केवढे आहेत आणि ते उघडे असताना आत किती दाब तयार होईल, हे प्रत्येक शेडचे वेगळे असते. हलक्या छपराला वारा बहुधा वर उचलतो. तेव्हा स्ववजन जास्त मोजले गेले असेल तर ते सुरक्षिततेच्या बाजूचे आहे, असे समजू नका. आपल्या मॉडेलमधले जादा ५३ किलोन्यूटन वाऱ्याच्या उचलीविरुद्ध उभे राहिले असते, आणि अँकर बोल्ट त्या नसलेल्या वजनाच्या भरवशावर ठरले असते.

आरसीसी इमारतींत हीच चूक दुसऱ्या रूपाने येते. वास्तुविशारदांचा मजल्याचा नकाशा ईटॅब्स या इमारतींच्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना भिंतींच्या कडा तुळया म्हणून उचलल्या जातात. दोन कडा १५ मिलिमीटरने पुढेमागे असल्या की १५ मिलिमीटर लांबीची तुळई तयार होते. तुळईचा आडवा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे तीन मीटरच्या तुळईच्या मानाने हा तुकडा ८० लाख पट ताठ ठरतो आणि शेजारची बले विस्कटून टाकतो. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे की नकाशा खाली पार्श्वभूमी म्हणून ठेवा, आणि तुळया त्याच्यावर आपल्या हाताने काढा.

वस्तुमानाच्या बाबतीत मी अधिक आग्रही आहे. ईटॅब्समध्ये घटकांचे स्वतःचे वस्तुमान घ्या असे सांगायचे आणि शिवाय स्ववजन धरलेला मृत भारही वस्तुमानात घ्या असे सांगायचे, म्हणजे तेच वजन दोनदा मोजणे होय. भूकंपाचे बल वस्तुमानावरून निघते, त्यामुळे सगळा हिशेब बिघडतो. उलट चूक, म्हणजे गच्चीवरची टाकी किंवा भिंती विसरून जाणे, ही तर त्याहून वाईट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि धाब्याच्या मातीने काय केले, ते या भागातल्या आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. आयएस १८९३ या भूकंपाविषयीच्या मानकाच्या २००२ च्या सुधारणेत तो परिसर तिसऱ्या भूकंप-क्षेत्रात घेतला गेला. घराच्या डोक्यावर किती वजन आहे, हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक मॉडेलला सर्वांत आधी विचारतो, आणि त्याचे उत्तर मी सॉफ्टवेअरकडून घेत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
*स्थापत्य अभियंता, जालना*

सर, ताई, आपल्या सर्वांचे मनापासून आभार. पर्लिनचे मेंबर मोजले. ते २५६ निघाले. आरेखकांशी बोललो तेव्हा ताईंचा अंदाज खरा ठरला. दोन्ही उतारांच्या पर्लिन एकत्र निवडून मोभावर उलटवल्या गेल्या होत्या.

मी एकच ट्रस नव्याने मागवला. शून्य बिंदू डाव्या बेस प्लेटच्या मध्यावर ठेवला. त्या एका ट्रसच्या तपासण्या झाल्यावर आठ वेळा पुनरावृत्ती केली आणि पर्लिन स्टॅडमध्येच, वरच्या पाइपच्या मध्यरेषेवर, पण आरेखनात जेथे आहेत त्याच अंतरांवर काढल्या. त्या सांध्यावर न येता मध्ये येत होत्या आणि त्यांना सांध्यावर नेण्याचा मोह मला खरोखरच झाला होता. त्या जागच्या जागी ठेवल्यावर मोभाजवळच्या पाइपमध्ये वाकणे आले आणि तो पाइप एक आकार वाढवावा लागला. लावलेला भार आता २६६ किलोन्यूटन आणि रिअ‍ॅक्शनची बेरीजही २६६ येते. एक किलोन्यूटन त्या वाढलेल्या पाइपचा आहे.

प्राध्यापक सरांनी विचारलेला तळाचा प्रश्न मी वरिष्ठांपुढे ठेवला. मुरूम २.४ मीटरवर लागतो आणि पाया तेथपर्यंत नेण्याचे ठरले आहे; तरीही तळ आम्ही पिनच ठेवत आहोत.

मालकांनी आज तिसऱ्यांदा लांबी बदलली आणि नववा गाळा मागितला. पर्लिन ९६ मीटरने वाढतील, म्हणजे ६.६ किलोन्यूटन, एक ट्रस आणि दोन कॉलम ढोबळमानाने २४ किलोन्यूटन. मी वहीत २९६ किंवा २९७ असे लिहून ठेवले आहे. ब्रेसिंग फक्त टोकाच्या गाळ्यांत असल्यामुळे आकडा थोडा कमी भरेल. उद्या सकाळी फाइल चालवून येथे कळवतो.

उत्तर ५
*संरचना सल्लागार, छत्रपती संभाजीनगर*

छान. फाइल चालवताना स्ववजनाबरोबर आणखी एक भारस्थिती ठेवा: प्रत्येक ट्रसच्या दोन्ही वळचणींच्या सांध्यांवर आडवा एक एक किलोन्यूटन. सरकणे पहिल्या ट्रसपासून मधल्या ट्रसपर्यंत आणि तेथून शेवटच्या ट्रसपर्यंत सारख्या चढ-उताराने दिसले पाहिजे. दहा ट्रस झाल्यामुळे मध्य आता पाचव्या आणि सहाव्याच्या मधोमध येईल. त्या दोघांचे आकडे समान आले नाहीत, तर टोकाच्या ब्रेसिंगच्या रेषा नव्या ट्रसपर्यंत सरकवायच्या राहून गेल्या आहेत असे समजून आधी तेथे पाहा.